‘वेतन’ या शब्दाचा हिशेब : वैमानिकांचे वेतनविवाद आणि संघटनांच्या मागण्यांतील सचोटी

१. प्रश्नाचे स्वरूप

वेतनविषयक तंट्यांच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार आढळते. दोन्ही पक्ष आकडे पुढे करतात. तपासून पाहता ते आकडे बहुधा खोटे ठरत नाहीत. आणि तरीही एका पक्षाचे विधान दुसऱ्या पक्षाच्या विधानास सर्वस्वी छेद देणारे असते. २७ एप्रिल ते ६ मे २०११ या दहा दिवसांत एअर इंडियाच्या वैमानिकांच्या एका गटाने जो संप केला, तो या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. वैमानिकांना दरमहा लाखांनी रुपये मिळतात, हे एक विधान. वैमानिकांचे वेतन कमी आहे, आणि तेही एकाच कंपनीतील दुसऱ्या वैमानिकांच्या मानाने कमी आहे, हे दुसरे. या दोहोंपैकी एक खरे असेल तर दुसरे खोटेच असले पाहिजे, असा सामान्य समज होणे स्वाभाविक होते. वस्तुतः दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत होती. कारण दोहोंतील ‘वेतन’ हा शब्द एकाच अर्थाचा वाचक नव्हता.

कामगार संघटनेच्या मागणीतील सचोटी म्हणजे काय, हा प्रश्न सामान्यतः नीतीचा म्हणून विचारला जातो. तो तितकाच शब्दार्थाचाही आहे. आकडा खरा असणे ही सचोटीची पहिली पायरी झाली. तो आकडा कशाचा आहे, हे सांगणे ही दुसरी. आणि बहुतेक तंट्यांत पाय घसरतो तो याच पायरीवर. प्रस्तुत निबंधात वैमानिकांच्या वेतनाचा इतिहास या दृष्टीने तपासला असून, त्याच्या जोडीला मुंबईच्या कामगार चळवळीतील १९६३-६४ चा महागाई निर्देशांकाचा वाद ठेवला आहे. पहिल्या प्रकरणात शब्द मोघम राहिल्यामुळे न्याय्य मागणीचेही बळ घटले. दुसऱ्यात संघटनांनी आकड्याचीच परीक्षा मागितली आणि तीत त्या उतरल्या.

२. मराठीतील वेतनवाचक शब्द

मराठीत कामाच्या मोबदल्यास एकच नाव कधीही नव्हते. आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी पैसे चुकते करणे एवढाच अर्थ आहे. ‘मुशाहिरा’ हा अरबी शब्द महिनावाचक मूळ शब्दापासून बनलेला. त्यात मोबदल्याचा काळ सांगितलेला आहे. ‘रोजमुरा’ या शब्दातही काळच आहे, पण दिवसाचा. ‘तनखा’ हा फार्सी शब्द मराठी दप्तरांत नोकराच्या नेमणुकीस लागतो, तसाच जमिनीच्या ठरीव आकारासही लागतो. नगरच्या निजामशाहीतील मलिक अंबराच्या जमाबंदीशी तो याच दुसऱ्या अर्थाने जोडला जातो. या शब्दांची व्युत्पत्ती येथे देण्याचे कारण एवढेच की, जुन्या व्यवहारात मोबदल्याच्या नावातच पुष्कळदा त्याचा काळ, आधार किंवा प्रकार सांगितला जात असे. ‘पगार’ आणि ‘वेतन’ या दोन व्यापक शब्दांनी ती नावे मागे सारली. सोय झाली, पण नेमकेपणा गेला.

मराठेशाहीच्या लष्करातील शिलेदार आणि बारगीर यांचा भेद या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. शिलेदार स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडे सरकारी पागेतून मिळे. म्हणून शिलेदाराची नेमणूक अधिक असे. एखाद्याने दोघांचे आकडे शेजारी मांडून शिलेदार श्रीमंत आणि बारगीर दरिद्री असे म्हटले असते, तर आकडा बरोबर असूनही निष्कर्ष फसवा ठरला असता. कारण शिलेदाराच्या आकड्यात घोड्याची किंमत, त्याचा दाणावैरणीचा खर्च आणि ते मेल्यास होणारे नुकसान हे सारे अंतर्भूत होते. हा भेद दप्तरातल्या कारकुनास माहीत होता, कारण दोघांची नावेच वेगळी होती. पथकाची गणती घेण्याची चालही याच गरजेतून निघाली: सरदाराने जितक्या स्वारांचा पैसा घेतला तितके स्वार प्रत्यक्ष उभे आहेत की नाहीत, हे मोजल्यावाचून हिशेब पुरा होत नसे.

आजच्या औद्योगिक व्यवहारात हा नेमकेपणा पुन्हा बोलीभाषेनेच राखला आहे. पुणे-नगर रस्त्यावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव त्याचे साधे उदाहरण म्हणून घेता येईल. या अवर्षणप्रवण तालुक्यातील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस माणसे पाठविली; आता गावाशेजारीच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी आहे. अशा ठिकाणी नेमणूकपत्रावर लिहिलेली वार्षिक रक्कम म्हणजे कंपनीला त्या माणसाचा पडणारा एकूण खर्च असतो. तीत मूळ पगार, महागाईभत्ता, घरभाडे, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा हे सर्व मिळविलेले असते. घरचे माणूस मात्र विचारते, ‘हातात किती पडतात?’ महाराष्ट्रात सर्वत्र विचारला जाणारा हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत काटेकोर आहे. तो कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत भेद करतो, आणि जादा कामाचे पैसे धरून की सोडून, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा करतो. वैमानिकांच्या वेतनवादात नेमका हाच प्रश्न कोणीही पुरता विचारला नाही.

३. वैमानिकाच्या वेतनाची घडण

वैमानिकाचे वेतन इतर नोकरदारांच्या वेतनासारखे एकजिनसी नसते. त्याचे तीन भाग पडतात: सेवाकालानुसार ठरणारे मूळ वेतन, उड्डाणाच्या तासांवर मिळणारा मोबदला, आणि निरनिराळे भत्ते. या घडणीचा उगम अमेरिकेत १९३३-३४ मध्ये झालेल्या एका तंट्यात सापडतो. आरंभीच्या काळात टपाल वाहून नेणाऱ्या वैमानिकास मैलांच्या हिशेबाने मोबदला मिळे. विमाने वेगवान होऊ लागली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी तासांच्या हिशेबावर जाण्याचे ठरविले. वैमानिकांच्या ध्यानात आले की, वेग वाढला म्हणजे तेच अंतर कमी तासांत कापले जाईल आणि यंत्राच्या सुधारणेचा सर्व लाभ मालकाच्या पदरी पडेल. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनने हा तंटा राष्ट्रीय श्रम मंडळापुढे नेला. मे १९३४ मध्ये त्या मंडळाने दिलेला त्र्याऐंशी क्रमांकाचा निर्णय वैमानिकांच्या वेतनाच्या इतिहासातील मूलभूत दस्तऐवज मानला जातो. त्याने मूळ वेतन, विमानाच्या वेगानुसार चढत जाणारा तासाचा दर आणि मैलांवरील अल्प मोबदला अशी तिहेरी रचना केली आणि महिन्याच्या उड्डाणास पंचाऐंशी तासांची मर्यादा घातली. १९३८ च्या विमान वाहतूक कायद्यात या निर्णयास आधार मिळाला.

या रचनेत एक गुण आणि एक दोष आहे. गुण असा की, यंत्राच्या प्रगतीत कामगाराचा वाटा मान्य झाला. दोष असा की, वेतनाचा मोठा भाग अनिश्चित झाला. उड्डाणाचा तास म्हणजे विमान स्वतःच्या बळावर जागचे हलल्यापासून मुक्कामी पोचून उभे राहीपर्यंतचा काळ. विमानतळावर हजर होणे, हवामानाचे व इंधनाचे कागद पाहणे, दोन उड्डाणांमधील प्रतीक्षा, परगावचा मुक्काम, हे सर्व कामच असले तरी ते या तासांत येत नाही. त्यामुळे लहान पल्ल्याची, दिवसाकाठी चार वेळा उतरणारी उड्डाणे करणाऱ्यास दिवसभर राबूनही थोडेच तास हाती लागतात. आणि एका दमात समुद्र ओलांडणाऱ्याच्या खाती एका फेरीत पुष्कळ तास जमा होतात. तासाचा दर दोघांना सारखाच दिला तरी दोघांची प्राप्ती सारखी होईल असे नाही.

तासांना वरची सीमाही आहे. भारतात वैमानिकास वर्षभरात १००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करता येत नाही. म्हणजे महिन्याची सरासरी सुमारे ८३ तास पडते. ही मर्यादा थकव्यापासून संरक्षण म्हणून आहे. पण खालची सीमा कायद्याने घातलेली नाही. कंपनीची विमाने जमिनीवर उभी राहिली, मार्ग कमी झाले, की तास घटतात आणि प्राप्तीही घटते. वैमानिकाचा त्यात काही दोष नसतो. म्हणून ‘हमीचे तास’ ही मागणी वैमानिक संघटनांच्या मागण्यांचा गाभा राहिली आहे. उड्डाण होवो वा न होवो, अमुक तासांचा मोबदला मिळालाच पाहिजे, असा तिचा आशय. सर्वसाधारण वाचकास ही मागणी बसून खाण्याची वाटते. प्रत्यक्षात ती वेतनाच्या वाढीची नसून निश्चितीची मागणी आहे, आणि या दोहोंची गल्लत ही दोन्ही पक्षांना वेळोवेळी सोयीची ठरली आहे.

यात शिलेदाराच्या घोड्याचाही हिशेब मिळवावा लागतो. भारतातील बहुतेक तरुण वैमानिक परवान्याचे शिक्षण आणि विशिष्ट जातीचे विमान चालविण्याचे प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने घेतात. तो खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो आणि बहुधा कर्जाने भागविला जातो. नवशिक्या सहवैमानिकाच्या पगारातून कर्जाचा हप्ता वजा केल्यावर उरणारी रक्कम, आणि वीस वर्षे सेवा झालेल्या कप्तानाची एकूण प्राप्ती, या दोन्ही रकमा ‘वैमानिकाचा पगार’ या एकाच नावाने वावरतात. संघटना पहिली दाखविते, व्यवस्थापन दुसरी.

४. विलीनीकरणानंतरचा तंटा, २००७-२०१२

भारतातील हवाई वाहतुकीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर आणलेल्या टपालाच्या विमानाने झाला, असे मानले जाते. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन महामंडळे बनली: परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल आणि देशांतर्गत मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स. अर्धशतकाहून अधिक काळ या दोन संस्थांच्या वेतनश्रेणी, बढतीचे नियम आणि संघटना वेगवेगळ्या राहिल्या. मोठ्या पल्ल्याच्या विमानांवरील वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि देशांतर्गत वैमानिकांची इंडियन कमर्शिअल पायलट्स असोसिएशन, या दोहोंनी आपापल्या व्यवस्थापनाशी स्वतंत्र करार केले. १९९० च्या दशकात या करारांत उत्पादकतेशी निगडित प्रोत्साहन नावाचा घटक आला. नावावरून ते अधिक कामाबद्दलचे बक्षीस वाटते. परंतु काळाच्या ओघात ते अनेकांच्या प्राप्तीतील मोठा आणि गृहीत धरलेला भाग बनले. म्हणजे ज्याला ‘प्रोत्साहन’ म्हणत ते व्यवहारात वेतन झाले, आणि ज्याला ‘वेतन’ म्हणत ते प्राप्तीचा लहानसा अंश उरले. पुढच्या सर्व वादाचे बीज या नामांतरात आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. वेतनश्रेणी मात्र वेगळ्याच राहिल्या. नवी कंपनी लवकरच तोट्यात रुतली. जून २००९ चा पगार १५ जुलैपर्यंत लांबणीवर टाकण्यात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रोत्साहनाच्या रकमेत निम्म्यापर्यंत कपात जाहीर होताच व्यवस्थापकीय श्रेणीतील वैमानिकांनी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि कपात स्थगित झाल्यावरच ते कामावर परतले. व्यवस्थापनाच्या भाषेत ही बक्षिसाची कपात होती, वैमानिकांच्या भाषेत पगाराची. दोन्ही वर्णने शब्दशः बरोबर होती.

२०११ च्या संपात पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची मुख्य मागणी समान वेतनाची होती. सुमारे आठशे वैमानिक या संपाशी संबंधित होते. दिल्ली उच्च न्यायालयाने संप मागे घेण्याचा आदेश दिला. तो पाळला न गेल्याने न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्न उभा राहिला. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली आणि काही पदाधिकाऱ्यांना कामावरून दूर करण्यात आले. दहाव्या दिवशी तडजोड झाली आणि वेतनाचा प्रश्न निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या समितीकडे सोपविण्यात आला.

या मागणीच्या मुळाशी असलेले तत्त्व भक्कम होते. समान कामास समान वेतन हे राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्व आहे. १९८२ मध्ये रणधीर सिंग यांच्या प्रकरणात, म्हणजे पोलीस दलातील एका मोटारचालकाच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्यास घटनात्मक उद्दिष्टाचा मान दिला. एका कंपनीच्या एकाच गणवेशातील दोन वैमानिकांना केवळ पूर्वेतिहासामुळे निराळ्या रचनेने मोबदला मिळावा, याचे समर्थन करणे कठीण होते. तथापि ‘समान वेतन’ म्हणजे काय समान, हे जनतेपुढे कधीच स्पष्टपणे आले नाही. मूळ वेतन समान, तासाचा दर समान, हमीचे तास समान की महिन्याची एकूण प्राप्ती समान? यांतील प्रत्येक अर्थाने मागणीची रक्कम निराळी होते आणि तिची न्याय्यताही निराळी ठरते. हमीच्या तासांतील विषमता हे सर्वांत सबळ कारण होते; कारण उड्डाणे कमी होण्यास वैमानिक जबाबदार नव्हते. परंतु ‘आम्हांस कमी मिळते’ या सरसकट वाक्यात ते कारण बुडून गेले. विमानतळावर खोळंबलेल्या प्रवाशापुढे लाखांच्या प्राप्तीचा आकडा ठेवणे व्यवस्थापनास सोपे होते. आणि त्या आकड्यात किती हमीचे आणि किती तासांवर अवलंबून, हे सांगण्याची त्यासही गरज भासली नाही.

पुढच्याच वर्षी या संदिग्धतेची दुसरी बाजू उघडी पडली. मे २०१२ च्या पहिल्या आठवड्यापासून ३ जुलैपर्यंत, सुमारे ५८ दिवस, इंडियन पायलट्स गिल्डचे वैमानिक कामावर आले नाहीत. बोईंग ७८७ या नव्या विमानाच्या प्रशिक्षणात पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना वाटा देण्यास त्यांचा विरोध होता. आपल्या बढतीची वाट त्यामुळे अडते असे त्यांचे म्हणणे होते. एका गटास समानता म्हणजे वेतनाची बरोबरी अभिप्रेत होती, दुसऱ्यास ज्येष्ठतेचे रक्षण. दोघेही विलीनीकरणातील न्यायाच्या नावानेच बोलत होते. धर्माधिकारी समितीने जानेवारी २०१२ च्या अखेरीस अहवाल सादर केला होता. तिच्या शिफारशींचा रोख प्रोत्साहनाची जुनी पद्धत मोडून दोन्ही गटांची वेतनरचना एका सूत्रात आणण्याकडे होता. म्हणजे शेवटी उपाय निघाला तो रकमेच्या घासाघिशीतून नव्हे, तर घटकांची नावे नव्याने लावण्यातून.

५. एक आकडा, दोन अर्थ

आकड्याचा विषय न सांगितल्याने काय होते, याचे अधिक करुण उदाहरण अमेरिकेतील आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले आणि ५० माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षी मे महिन्यात झालेल्या जाहीर सुनावणीत सहवैमानिकेच्या वार्षिक वेतनाचा आकडा सोळा हजार डॉलरांच्या आसपास सांगण्यात आला. ती देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहत होती आणि रात्रभर प्रवास करून पूर्व किनाऱ्यावर कामावर आली होती. थोड्याच दिवसांत कंपनीने दुरुस्ती केली: तिची वार्षिक प्राप्ती चोवीस हजारांच्या जवळपास होती. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो पहिलाच आकडा.

या ठिकाणी विवेकाने पाहिले पाहिजे. चोवीस हजार हा आकडा धरला तरी अशा जबाबदारीच्या कामास ते वेतन अल्पच होते, आणि प्रादेशिक कंपन्यांतील वैमानिकांची स्थिती बिकट होती, हे कोणी नाकारू शकत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत हडसन नदीवर विमान सुखरूप उतरविणारे कप्तान सलनबर्गर यांनी फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सांगितले होते की, आपले वेतन ४० टक्क्यांनी कमी झाले आणि निवृत्तिवेतनही बुडाले. त्यांच्या विधानाचे बळ त्याच्या रचनेत आहे: कोणत्या पूर्वस्थितीच्या मानाने किती घट, हे त्यात सांगितलेले होते. स्वतः गरीब आहोत असे त्यांनी म्हटले नाही. याउलट सोळा हजारांचा आकडा अधिक हृदयद्रावक असला, तरी त्यात दुरुस्ती करावी लागताच विरोधकांना मूळ प्रश्नावरून लक्ष उडविण्याची संधी मिळाली. ज्यांची बाजू खरी असते त्यांनाच अतिशयोक्ती सर्वांत महाग पडते. कारण त्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही असते. पुढे २०१० च्या कायद्याने सहवैमानिकासही १५०० तासांच्या अनुभवाची अट सामान्यतः लागू झाली. प्रादेशिक कंपन्यांना वैमानिक मिळणे अवघड होऊ लागले आणि त्यांचे वेतन कालांतराने वाढले.

६. मुंबईची परंपरा : निर्देशांकाची परीक्षा

संघटनेने आकड्याशी प्रामाणिक राहून मोठा विजय मिळविल्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये कामगार कचेरी स्थापन झाली आणि त्याच वर्षापासून तिचे ‘लेबर गॅझेट’ निघू लागले. कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रथम जुलै १९१४ हा आधार धरून आणि नंतर १९३३-३४ हे वर्ष आधार धरून काढला जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गिरणी कामगारांचा महागाईभत्ता या निर्देशांकाशी बांधला गेला. त्यामुळे निर्देशांकातील प्रत्येक अंशाला रुपये-आण्यांचे मोल आले.

१९६० च्या सुमारास जुनी मालिका काळाच्या मागे पडली होती. तीत धरलेले काही मालाचे प्रकार बाजारातून नाहीसे झाले होते, काहींची प्रत बदलली होती. निर्देशांकात धरलेला भाव आणि दुकानात द्यावा लागणारा भाव यांत अंतर पडले होते. कामगार संघटनांनी ‘पगार पुरत नाही’ एवढेच म्हणून न थांबता, महागाई मोजण्याचे मापच खोटे आहे, असा नेमका दावा केला. हा दावा धाडसाचा होता. कारण तो तपासता येण्याजोगा होता. तपासात तो फोल ठरला असता तर संघटनांना तोंड दाखविणे अवघड झाले असते. २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबईत या प्रश्नावर बंद पाळण्यात आला आणि महाराष्ट्र शासनाने मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली.

समितीच्या १९६४ मधील निष्कर्षाने कामगारांचे म्हणणे खरे ठरविले. जुना निर्देशांक २९ अंशांनी कमी दाखविला जात होता. १९६० हे आधारवर्ष धरून येणाऱ्या नव्या मालिकेस जुन्या मालिकेशी जोडण्यासाठी तिने ४.४४ हा गुणक सुचविला. नव्या मालिकेत निर्देशांक ११० झाला, तर जुन्या मालिकेत तो ४८८.४ समजावा, असा त्याचा अर्थ. गुणकातील दशांशचिन्हापुढचा दुसरा अंक एकाने बदलला, तरी नव्या मालिकेच्या १०० अंकांमागे जुन्याचा पुरा एक अंश इकडचा तिकडे होई. आणि त्या अंशावर लक्षावधी माणसांचा भत्ता अवलंबून होता. गुणकासारखी रूक्ष गोष्ट मुंबईच्या चाळींतून चर्चिली गेली, यात नवल नाही.

गिरणी कामगार आणि वैमानिक यांच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे उघड आहे. चाळीतल्या कामगारास लोकांची सहानुभूती आपोआप मिळाली, वैमानिकास ती मिळणे शक्य नव्हते, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु सहानुभूतीने गुणक ठरत नाही. १९६३-६४ मध्ये शासनास माघार घ्यावी लागली ती मोजमापाची चूक सिद्ध झाली म्हणून. ज्याला लोकांची सहानुभूती मिळण्याचा संभव कमी, त्याने तर मोजमापाचाच आश्रय अधिक घेतला पाहिजे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून वेतनविषयक दाव्याच्या चार कसोट्या हाती येतात. पहिली घटकाची: आकडा मूळ वेतनाचा, एकूण प्राप्तीचा की कपातीनंतर हातात पडणाऱ्या रकमेचा? दुसरी हमीची: त्यातील किती निश्चित आणि किती कामाच्या उपलब्धतेवर अवलंबून? तिसरी तुलनेची: कोणाच्या मानाने कमी, आणि त्या दुसऱ्याचे घोडे कोणाचे? चौथी काळाची: ही रक्कम केव्हा मिळते? या चौथीस क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन सिद्ध केले, त्यात पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार मिळावा ही मागणी होती. सव्वाशे वर्षांनी, २००९ च्या जुलैत, एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांना नेमक्या त्याच तारखेची वाट पाहावी लागली. २०१२ मध्ये किंगफिशरच्या आणि २०१९ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजच्या वैमानिकांचे पगार कित्येक महिने थकले. जेटच्या वैमानिकांच्या संघटनेने पगार न मिळाल्यास उड्डाण न करण्याचा इशारा दिला, मग तो पुढे ढकलला, आणि १७ एप्रिल २०१९ रोजी कंपनीच बंद पडली. कागदावर या वैमानिकांचे वेतन चांगले होते. ‘हातात किती पडतात?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र शून्य होते.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली. २०२३ च्या नव्या वेतनरचनेत हमीचे तास २० वरून ४० करण्यात आले, तेव्हाही संघटनांनी विरोध केला. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही दुप्पट वाढ होती. संघटनांच्या दृष्टीने करोनापूर्व हमी याहून पुष्कळ अधिक असल्याने ती कपातच होती. म्हणजे तुलनेचा काळ कोणता धरावयाचा, हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही.

या चार कसोट्या संघटनांइतक्याच व्यवस्थापनासही लागू आहेत. किंबहुना हिशेबाच्या वह्या व्यवस्थापनाच्या ताब्यात असल्यामुळे त्याची जबाबदारी अधिक आहे. परंतु संघटनेस सचोटी अधिक उपयोगी पडते, एवढे मुंबईच्या इतिहासावरून म्हणता येते. मालकापाशी पैसा आणि वेळ असतो. संघटनेपाशी सभासदांची एकजूट आणि शब्दाची पत, एवढेच भांडवल असते. आणि दुसरे गेले तर पहिले फार काळ टिकत नाही. वैमानिकांच्या मागण्यांत जे सर्वांत न्याय्य होते, म्हणजे न उडालेल्या विमानाचा तोटा वैमानिकाने सोसू नये आणि उपजीविकेसाठी थकलेल्या माणसाला अधिक तासांच्या मागे धावावे लागू नये, ते सांगण्यासाठी वेतन ‘कमी’ आहे असे म्हणण्याची आवश्यकताच नव्हती. ते अनिश्चित आहे, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. ते विधान तपासाला उतरले असते, आणि विमानात बसणाऱ्या प्रवाशाच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंधही त्याला सहज पटला असता.